रिलायबल सोर्स

माझ्या पहिल्या नोकरीचा अर्ज दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिला. ते सरकारी खात्यातून रिटायर झालेले हेडक्लार्क होते आणि बोरीवलीच्या आमच्या बिल्डिंगमधून जो कुणी कॉलेजात जाई त्याचा अर्ज तेच लिहीत. सगळ्यांना एकच अर्ज. 'आय हॅव कम टू नो फ्रॉम अ रिलायबल सोर्स' अशी सुरुवात, 'युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट' असा शेवट, आणि मधे काय असेल ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. एकदा बिल्डिंगमधल्या चौघांनी एकाच बँकेत अर्ज टाकले. चौघांचेही रिलायबल सोर्स शब्दाला शब्द सारखे निघाले आणि एकालाही बोलावणं आलं नाही. काकांनी दोष बँकेला दिला.

मी तेव्हा एस.वाय.ची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. सुट्टीत आमच्याकडच्या मुलांना कामं मिळायची तीही ठरलेली. साबणाची पावडर घेऊन सोसायट्यांचे जिने चढायचे, नाहीतर गोरेगावच्या स्टुडिओत दिवसभर गर्दीत उभं राहून कुणाच्यातरी लग्नात टाळ्या वाजवायच्या. आईला यातलं एकही पसंत नव्हतं. तिला पसंत होतं ते गावाला जाणं. गावाला आत्याने माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. त्या स्थळाकडे दोन होड्या आणि एक भलीमोठी मिशी होती. आईने सरळ सांगितलं की सुट्टीत खुर्चीवरचं काम मिळालं तर मुंबईत राहा, नाहीतर मुकाट्याने माझ्याबरोबर एस.टी.त बस. मिशी मी फोटोत पाहिली होती, त्यामुळे खुर्ची मिळवणं मला भाग होतं.

खुर्चीची बातमी बाबांनी आणली. बाबा आधी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. संपानंतर मिल गेली आणि ते चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंगव्याच्या कारखान्यात वॉचमन झाले. गेटवर त्यांना सगळे 'मामा' म्हणत. त्यांचं खरं नाव विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. मॅनेजर गाडीची काच खाली करून अकाउंटंटला काहीतरी सांगत होता, ते गेट उघडता उघडता बाबांनी ऐकलं. ऑफिसमधली बाई बाळंतपणाच्या रजेवर चालली होती आणि दोन महिन्यांसाठी कॉलेजची कुणीतरी मुलगी, बाबांच्या भाषेत चेडू, हवी होती.

अडचण एकच होती. गेटच्या आतच एक पाटी होती: 'येथे काम करणाऱ्यांच्या नातेवाइकांनी नोकरीसाठी अर्ज करू नये. आढळल्यास दोघांनाही कामावरून कमी करण्यात येईल.' एका फिटरने कधीकाळी आपलं अर्धं गाव कारखान्यात भरलं होतं म्हणे, त्यावरचा हा उपाय. पाटीखाली मॅनेजरची सही होती. मॅनेजर हा शेठचा सख्खा भाचा होता.

"ता काय नाय," बाबा म्हणाले. "तू माका ओळखायचा नाय. मी तुका ओळखायचो नाय. फिटाश!"

ते 'फिटाश' म्हणून मिटवून मोकळे झाले, पण त्यांची नोकरी जाणं म्हणजे काय हे आम्ही संपाच्या दिवसांत पुरतं पाहिलेलं होतं. त्यामुळे घरात एकदम गुप्तहेर खातंच उघडलं. बाबा सकाळी लवकरच्या बसने जाणार, मी दोन बस सोडून. आईने दोघांच्या डब्यांत वेगवेगळी भाजी द्यायचं ठरवलं, आणि त्यासाठी रोज दोन कढया घासाव्या लागणार म्हणून आम्हा दोघांचा उद्धारही केला. माझ्या डब्यावर बाबांचं नाव कोरलेलं होतं, मिलमधल्या सोबत्यांनी आईबाबांच्या लग्नात दिलेला होता तो. आईच्या ते ऐन वेळी लक्षात आलं. तिने तो डबा काढून घेतला आणि आत्याचं नाव कोरलेला एक चेपलेला डबा मला दिला. इतकी ती बारीक नजरेची. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नुसतं आडनाव लिही, असं बाबांनी बजावलं. आमच्या आडनावाची माणसं त्या इस्टेटमध्ये पोत्याने होती.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी गेटवर गेले तेव्हा बाबा खाकी कपड्यांत स्टुलावर बसले होते. घरात बनियनवर बसणारा माणूस बक्कल लावून बसलेला पाहून मला हसू आलं. त्यांनी डोळे वटारले.

"काय काम हाय, मॅडम?"

जन्मात त्यांनी मला गाढव सोडून काही म्हटलं नव्हतं.

मॅनेजरची केबिन वरच्या मजल्यावर होती आणि तिच्या खिडकीतून गेट दिसायचं. कंगव्याच्या कारखान्याचा हा मॅनेजर पार टकला होता. त्याला कुणी हसत नसे, कारण सगळ्यांचं हसून झालं होतं. त्याने माझा अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला.

"हे रिलायबल सोर्स कोण हाय?" त्याने विचारलं. "आम्ही पेपरमधे ॲड दिली नाय. कोणी सांगितला तुला?"

काकांनी अर्ज लिहून दिला होता, उत्तर लिहून दिलं नव्हतं. खिडकीतून मला दिसत होतं, बाबा एका टेंपोला मागे घ्यायला सांगत होते आणि तो टेंपोवाला त्यांच्यावरच डाफरत होता.

"ओळखीचे आहेत एक," मी म्हणाले.

"काय करते ते?"

"काही नाही. विशेष काही करत नाहीत."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि उद्यापासून ये म्हणाला. घरी गेल्यावर मी बाबांना सगळं शब्दशः सांगितलं. ते खूश झाले. "झकास! असाच बोलूचा," म्हणाले आणि आईला चहा टाकायला सांगितला. मला मात्र तो चहा गोड लागला नाही. पण सुटले एकदाची मिशीतून, असं म्हणून मी तो प्यायले.

नोकरी म्हणजे टायपिंग, टपाल, फोन, आणि दुपारी तीन वाजता झोप न येऊ देणं. पहिले चार दिवस मी फोन उचलून नुसती 'हां हां' करायचे. हे सगळं जमत गेलं. जमलं नाही ते संध्याकाळचं गेट.

कारखान्यातून बाहेर पडताना प्रत्येकाची पिशवी तपासायची पद्धत होती, कारण पॅकिंगच्या बायकांच्या पिशव्यांतून आणि अंबाड्यांतून कंगवे घरोघर पोचत. ऑफिसच्या माणसांनाही सूट नव्हती. त्यामुळे रोज साडेपाचला मी रांगेत उभी राहायचे आणि माझा जन्मदाता माझी पिशवी उघडून आत्याच्या नावाचा डबा हलवून बघायचा, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय. वर "थँक्यू, मॅडम" म्हणून सलाम ठोकायचा. दोन तासांनी हाच माणूस घरी माझ्यावर ओरडायचा की डब्यात भाजी टाकतेस, माजलीस काय गो! ऑफिसात माझा मान एवढा वाढला होता आणि घरी त्याची कुणाला खबरच नव्हती.

रांगेतल्या बायकांसमोर एकदा बाबांनी जरा जास्तच नाटक केलं. माझ्या पिशवीत एक फणी निघाली, घरचीच, अर्धे दात पडलेली. ते कडक आवाजात म्हणाले, "हा काय, मॅडम?" मी म्हणाले, "माझी स्वतःची आहे, मामा." बापाला मामा म्हणताना जीभ अडखळली. बायका फिदीफिदी हसल्या. तेव्हा वाटलं, त्या फणीलाच हसताहेत.

पहिला महिना संपला तेव्हा मॅनेजरने हजेरीपट नीट उतरवून काढायला दिला. त्यात सगळ्या कामगारांची पूर्ण नावं होती. वॉचमनच्या खान्यात मला बाबांचं पूर्ण नाव लिहायचं होतं. मी ते लिहिलं आणि खाली 'तयार करणार' असं होतं तिथे माझं पूर्ण नाव घातलं. मॅनेजर त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "अक्षर चांगला हाय." मी हुश्श केलं. वाटलं, काय बेमालूम फसवलंय आपण याला!

जून आला, बाळंतपणाच्या रजेवरची बाई परत येणार म्हणून कळलं. शेवटच्या दिवशी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं आणि अनुभवाचं सर्टिफिकेट दिलं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं. माझी बरीच स्तुती होती, काकांच्या इंग्रजीपेक्षा बऱ्या इंग्रजीत.

"तुझ्या रिलायबल सोर्सला दाखव," तो म्हणाला.

"हो, सर."

"आत्ताच दाखव. सहापर्यंत ड्यूटी हाय त्याची."

त्याने पेन घेतलं आणि सर्टिफिकेटवरच्या माझ्या नावाखाली एक रेघ ओढली. सगळ्या नावाखाली नाही, मधल्याखाली. बाबांचं नाव. अर्जावर होतं, हजेरीपटावर माझ्याच अक्षरात दोनदा होतं, एकदा त्यांच्यासाठी आणि एकदा माझ्या मधोमध. आम्ही डब्यावरचं नाव लपवलं, भाज्या बदलल्या, बस बदलल्या, आणि जे नाव जन्मापासून प्रत्येक फॉर्मवर लिहीत आले ते घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. लिहून लिहून ते आम्हाला दिसेनासंच झालं होतं.

"मी पण माझ्या मामाकडेच लागलाय," मॅनेजर म्हणाला. "पाटी बिटी ठीक हाय. पण तू बोलली, तो काय विशेष करत नाय. माझा सगळा कारखाना तो बंद करते, तो उघडते. मी रोज खिडकीतून बघते ना."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. दोन महिने मी या माणसाला मामा बनवतेय म्हणून गालात हसत होते, आणि हा पहिल्या दिवसापासून जाणून होता की या मुलीने समोर दिसणाऱ्या बापाला ओळख दिली नाही. मला इतकी लाज वाटली की जिना उतरताना पायऱ्या दिसत नव्हत्या. बाबांनीच सांगितलं होतं ओळखू नको म्हणून, हे खरं. पण 'विशेष काही करत नाहीत' हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं.

गेटवर नेहमीची रांग होती. माझा नंबर आला. बाबांनी डबा हलवला, सर्टिफिकेटचं पाकीट बाहेर काढलं.

"हा काय, मॅडम?"

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "उघडून बघा ना."

ते दचकले. "गप गो!" दातांआडून म्हणाले. "नोकरी घालवतलंस!"

"साहेबांना माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. अर्जात तुमचं नाव होतं. माझ्या नावात."

बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण पगाराच्या कागदावर बघून बघून स्वतःचं नाव ओळखू येत होतं. त्यांनी पाकीट उघडून बोट ओळीवरून सरकवत नेलं, रेघेवर थांबवलं आणि तोंड उघडं टाकून वर खिडकीकडे पाहिलं. खिडकीत टक्कल होतं. ते हललं, होकारार्थी.

"म्हणजे," बाबा म्हणाले, "दोन म्हयने तुका मॅडम म्हटलंय ता फुकट?"

मागे बायकांची रांग फुटली. एकीने पदर तोंडाला लावला, दुसरी म्हणाली, "मामा, आमास्नी बी ठावं हुतं. नाक तुमचंच हाय की तिचं." मला हसायलाही येत होतं आणि रडायलाही, आणि मी दोन्ही करत तिथेच उभी राहिले. माफी मागायला तोंड उघडलं.

"लाइन अडवू नको," बाबा म्हणाले. "पुढे हो, गाढवा."

मी पुढे झाले. त्यांनी सर्टिफिकेट मला परत दिलंच नाही, स्वतःच्या खाकी खिशात घातलं आणि बटण लावलं. मग मागच्या बाईची पिशवी हातात घेतली आणि ती न उघडताच, तिने काहीही विचारलेलं नसताना, तिला सांगितलं, "माझा चेडू गो ता. बी.ए. करता."