झाकलेलं ताट

भिजवलेले पोहे, ओला नारळ आणि वेलचीचा वास आला की एकोणीसशे पन्नासच्या सुमाराची, माझ्या लहानपणची हावड्याची रेल्वे वसाहत आठवते. शेजारचे शिमशोनकाका मराठी ज्यू. एका संध्याकाळी ते घरी पेटीवर दावीद राजाचं कीर्तन करत होते.

"देवानं वचन दिलं, तुझी गादी अढळ राहील."

"आणि आपल्या दावीदनं?" रिबेकाकाकूंनी मध्येच विचारलं. इस्राएलला गेलेला त्यांचा मुलगा दावीद आईवडिलांना बोलावणार होता. त्यानं सासूसासऱ्यांना नेलं, हे त्याच सकाळी कळलं होतं.

"अगं, राजाची गादी पुढे बुडाली तरी देवानं करार मोडला असं आपण म्हणत नाही."

"देवाचं राहू द्या."

दर कीर्तनाला मुलाच्या नावानं झाकून ठेवायचं मलिद्याचं, म्हणजे प्रसादाच्या गोड पोह्यांचं ताट काकूंनी माझ्यापुढे सरकवलं. मी ते मानाचं समजून संपवलं. त्यानंतर त्यांच्या घरी झाकलेलं ताट दिसलं नाही.