देव्हाऱ्यातली चावी

माझी मुलगी दोन वर्षांची झाली तरी तिचं रडणं मी फक्त पाहिलं होतं. जन्मतःच हाडांचा दुर्मिळ आजार. खालचा जबडा इतका आखूड की जीभ मागं पडून श्वास अडायचा. म्हणून गळ्यात नळी. तिच्यातून श्वास जायचा, आवाज यायचा नाही. तोंड उघडायचं, डोळे वाहायचे, आणि घर शांत. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, तीही विज्ञानाची. आमच्या तामलवाडीहून तुळजापूर किती लांब? तरी तिथल्या देवीआईपुढं पदर पसरायला मला कमीपणा वाटायचा.

पुण्यात जबडा लांबवायची शस्त्रक्रिया झाली. हाड कापून स्क्रू बसवला. सकाळ-संध्याकाळ चावीनं तो जरासा फिरवायचा, मग हाड सरकतं आणि फटीत नवं हाड धरतं. डॉक्टरांनी मला शिकवून घरी पाठवताना बजावलं, "खाडा नको. हाड आधीच जुळलं तर सगळं पुन्हा."

त्या मंगळवारी अवस होती. सकाळी चावी जागेवर नव्हती.

"आत्या, चावी?" मी सासूबाईंना विचारलं.

"आज लेकराच्या अंगाला लोखंड लावू न्हाय."

"तुमच्या अवसेपायी तिचा श्वास घालवू?"

"लई शिकलीस! म्या काय तिची वैरीन हाय व्हय?"

त्यांचे डोळे भरले होते. भीती दोघींची एकच होती, पण तेव्हा मला फक्त चावी दिसत होती.

तेवढ्यात दारात जोगवा मागणारी एक अनोळखी आराधीण आली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. भांडण ऐकून उंबऱ्यातूनच तिनं सासूबाईंना विचारलं, "अवसंला देवीम्होरचा दिवा इझवता का वो, आक्का?"

"न्हाय."

"मग लेकराचा इलाज कशाला थांबवता?"

सासूबाईंनी देव्हाऱ्यातल्या देवीच्या टाकामागून चावी काढली. तिला हळद-कुंकू लागलेलं. मी ती उकळून, पुसून घेतली. सासूबाईंनी पोरीचं डोकं धरलं. मी चावी स्क्रूला लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा देवीला म्हणाले, "आई, हात माझा. पुढचं तुझं." चावी फिरवून झाल्यावर जोगव्याचं पीठ घेऊन दारात आले, तर ती बाई गेलेली.

अजून दर मंगळवारी मी वाटेकडं बघते. परडीत पीठ घालायचं राहिलंय. शिकलेल्या हातांनी आपलं काम करावं आणि उरलेलं देवीवर सोडावं, एवढं मला त्या उंबऱ्यात कळलं.

काही महिन्यांनी नळी निघाली. घरी आल्यावर पोरगी कशाला तरी हट्टाला पेटली आणि रडली. घोगरं, बेसूर, गल्लीभर ऐकू जाईल असं. सासूबाई लगबगीनं तिला उचलायला निघाल्या. मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या, आत्या. जरा रडू द्या."