खालापुरातून गेलेली मोटार

माझं लग्न झालं तेव्हा हे मुंबईला एका पारशी शेटजींची मोटार चालवत होते. गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचे ते अंगाला पेट्रोलचा वास घेऊनच. सासूबाई म्हणायच्या, "आधी आंघोळीला जा रं, मग काय त्या पाया पड." मला मात्र तो वास आवडायचा. पुढे शेटजी थकले, मुलांकडे विलायतेला निघाले आणि जाताना आपली जुनी मोटार ह्यांच्या हवाली करून गेले. "तूच तिला सांभाळलीस, तूच ठेव," एवढंच म्हणाले. हे पनवेलवरून ती चालवत आमच्या चौक गावी आले, रस्त्याकडेच्या घरापुढे उभी केली आणि खाली न उतरता बराच वेळ तसेच बसून राहिले. मी दारातून बघत होते. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मुंबई-पुण्याच्या रस्त्यानं तेव्हाही मोटारी जायच्या, पण त्या साहेबलोकांच्या. धुरळा उडवायच्या आणि निघून जायच्या, आमच्यासाठी थांबायच्या नाहीत. आमची थांबायची. कुणाला कर्जतच्या स्टेशनावर जायचं असायचं, कुणाला खालापूरला महालकऱ्यांच्या कचेरीत, कुणाला पनवेलला डॉक्टरकडे. हे सगळ्यांना न्यायचे. मोटारीचा कापडी टप फाटका होता, त्याला मी गोणपाटाचं ठिगळ लावलं होतं. मागच्या गादीवर म्हाताऱ्या बायका पाय वर घेऊन बसायच्या आणि वळण आलं की एकमेकींना घट्ट धरायच्या.

डोंगरावरच्या ठाकरवाडीतली माणसं आधी मोटारीच्या जवळ यायची नाहीत. एकदा ते एका अडलेल्या बाईला झोळीत घालून खाली घेऊन आले, बैलगाडी मिळते का बघायला. ह्यांनी तिला उचलून मोटारीत ठेवलं आणि पनवेलचा दवाखाना गाठला. बाई वाचली, मूलही वाचलं. तेव्हापासून वाडीत एक समजूत होऊन बसली, की माणूस रस्त्यापर्यंत पोचवला की वाचला. कुणाला ताप चढला, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की झोळी करून थेट आमच्या दारात. ह्यांनी कधी नाही म्हटलं नाही. जेवत असले तरी पानावरून उठायचे.

मोटार गेली त्या दिवशी मीही बरोबर होते. थंडीचे दिवस होते, शेतातली कामं आटपली होती. चौकच्या एका वकिलांना कचेरीत सोडायचं होतं, आणि खालापुरात माझी मावशी राहायची, म्हणून मी पुढच्या गादीवर बसून आले. ह्यांनी मोटार कचेरीसमोर, रस्त्याच्या कडेला आंब्याखाली लावली. इंजिन फिरवून सुरू करायचं लोखंडी हँडल काढून हातात घेतलं. ती ह्यांची सवयच होती. हँडल नसलं की मोटार कोण सुरू करणार? वकील कचेरीत गेले, आम्ही मावशीकडे जेवायला गेलो. घर मागच्याच आळीत होतं.

मावशीनं वालाची आमटी केली होती. ह्यांनी दुसरी भाकरी मोडली आणि हात तसाच थांबला.

मावशी म्हणाली, "काय झालं, जावईबापू? खडा लागला काय?"

ह्यांनी मान दाराकडे वळवली. लांबून मोटार सुरू झाल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आला असेल कुणी साहेब. पण ह्यांचा चेहरा बघता बघता राखेसारखा झाला. "आपली हाय गं," म्हणाले आणि उष्ट्या हातानं, अनवाणी, धावत सुटले.

मी मागोमाग गेले तेव्हा हे रस्त्याच्या मधोमध उभे होते. आंब्याखाली तेलाचा एक ओला डाग होता. खोपोलीकडे धुरळा अजून खाली बसला नव्हता. पानवाला, कचेरीचा शिपाई, बाजाराला आलेली माणसं, सगळ्यांनी बघितलं होतं. खाकी कोट घातलेला एक माणूस आला, पिशवीतून हँडल काढलं, दोन झटके दिले आणि बसला. पुढे बायका पाणी घेऊन चालल्या होत्या, त्यांना बाजूला करायला त्यानं भोंगासुद्धा वाजवला.

"आमाला वाटलं, तुमचाच कोण माणूस हाय," शिपाई म्हणाला. "इतका सावकाश बसला तो."

फौजदारांनी तक्रार लिहून घेतली आणि एका शिपायाला सायकलवर खोपोलीला पिटाळलं. तोवर वकील बाहेर आले. त्यांना घरी जायची घाई होती. ह्यांच्या हातातल्या हँडलकडे बघून त्यांनी विचारलं, "हँडल तुझ्या हातात आहे रे, मग गाडी चालू कशी झाली?"

त्यांनी सहज विचारलं असेल. पण भोवती दहा माणसं उभी होती आणि ते वाक्य आमच्या आधी चौकला पोचलं. आम्ही चालत घरी आलो तेव्हा शेजारणीनं मला तेच विचारलं. पुढं लोक उघड म्हणू लागले, की ह्यांनीच कुणाला तरी दिली असेल. जुनी झाली होती, चोरी म्हणून सांगायला बरं. ज्यांना ह्यांनी तापात पनवेलला नेलं होतं, त्यांच्यापैकीही काहीजण तसं म्हणाले. मी नळाच्या, नव्हे, तेव्हा नळ कुठला, विहिरीच्या काठावर एकीशी भांडले. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बोलू दे गं. मला पण कधी कधी तसंच वाटतं. हँडल मीच काढून दिलं असंल."

खोपोलीला कुणी मोटार बघितली नव्हती. घाटाच्या पायथ्याशी मोळीवाली एक कातकरीण होती, ती म्हणाली, "वर गेली." एवढाच माग. हे घाट चढून गेले, कधी चालत, कधी मालाच्या लॉरीवर. लोणावळा, तळेगाव, पुणं. गॅरेजांतून हिंडले, मोटारींच्या खाली वाकून बघितलं, एके ठिकाणी चोर समजून त्यांना मारलंसुद्धा. परत आले तेव्हा कपाळावर जखम होती आणि दाढी पांढरी वाढली होती. ती पांढरी आहे हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतरचे दिवस रस्त्याकडेच्या घरात काढणं फार कठीण होतं. दिवसभर मोटारी जायच्या. लांबून आवाज आला की हे ऐकत राहायचे. माझ्याशी बोलत असले तर मधेच थांबायचे. मग आवाज जवळ यायचा आणि ह्यांची मान खाली जायची. काही आठवड्यांनी हे बाहेर बसेनासे झाले. मागच्या गोठ्यात, जिथून रस्ता दिसत नाही, तिथे बैलाच्या रिकाम्या गव्हाणीला टेकून बसायचे. मी जेवायला बोलवायला गेले की माझ्याकडे असं बघायचे, जसं मी कुणा दुसऱ्याला हाक मारतेय.

घर तर चालवायला हवं होतं. मी पुढच्या ओट्यावर चूल मांडली, चहा आणि भजी करून विकू लागले. लॉरीवाले थांबू लागले. ते आपापसात इंजिनाच्या, टायरच्या गोष्टी करायचे, मोठ्यानं हसायचे, आणि त्यांच्या कपड्यांना तोच वास यायचा. मला भजी तळता तळता उमाळा यायचा. धुराच्या नावाखाली मी डोळे पुसायचे. पनवेलच्या एका मोटारमालकानं ह्यांना सांगावा धाडला, माझ्या मोटारीवर ये म्हणून. मी मागे लागले म्हणून हे गेले आणि संध्याकाळी परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बसलो. चालू केली." हे म्हणाले. "मंग उतरलो."

त्याच उन्हाळ्यात ठाकरवाडीची माणसं आली. दुपारची वेळ होती, डांबर नसलेला तो रस्ता तव्यासारखा तापला होता. चौघांच्या खांद्यावर झोळी होती. मोटार गेल्याची बातमी खाली सगळीकडे पसरली होती, पण वर डोंगरावर पोचली नव्हती. झोळीत एक कोवळी पोर होती, पहिलटकरीण, ओठ कोरडे पडलेले. तिचा नवरा घामानं निथळत पुढे आला, घरापुढची रिकामी जागा बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"मोटार कुठं हाय?"

मी गोठ्याकडे बघितलं. हे मागून गोठ्यातून आले. त्यांनी झोळीत डोकावून बघितलं.

"मोटार नाय रं," म्हणाले. "चोरून नेली."

त्या माणसाला ते कळलंच नाही. त्यानं पुन्हा विचारलं, "मंग कवा येईल?"

मी रस्त्यावर उभी राहिले. एक मोटार आली, मी हात केला, पदर हलवला, ती थांबली नाही. दुसरीला आडवी गेले, तर चालवणाऱ्यानं शिवी देऊन वळवून नेली. माझ्याकडे चहा पिणारे ते लॉरीवाले त्या दिवशी कुठे होते देव जाणे. गावातली बैलगाडी मागायला गेले, तर ज्याची होती तो बैल घेऊन बाजाराला गेला होता. हे तोवर थांबले नव्हते. त्यांनी डोक्याला फडकं बांधलं, एका थकलेल्या ठाकराला बाजूला केलं आणि स्वतः खांदा दिला. पाच माणसं आणि ती झोळी, पनवेलच्या दिशेनं निघाली. मला रस्त्याच्या वळणापर्यंत दिसत होती.

दिवस मावळताना परतीच्या एका गाडीवानानं मला सांगितलं, की पनवेलच्या अलीकडे एका ओढ्याच्या काठाला माणसं बसली आहेत आणि एक बाई झाकून ठेवली आहे. हे दुसऱ्या दिवशी आले, तिला वाडीवर पोचवून. खांद्याची कातडी सोलवटली होती. मी तेल लावायला बसले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"पाणी मागत होती," एवढंच म्हणाले.

त्या पोरीचा नवरा पुढे बाजाराला उतरला की आमच्या ओट्याशी थांबायचा. कधी करवंदं, कधी कंद, काहीतरी पानात बांधलेलं ठेवून जायचा. ह्यांनी खांदा दिल्याची त्यानं आठवण ठेवली होती. त्याच्या मनात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच ह्यांना सोसत नव्हतं. तो लांबून दिसला की हे उठून मागं जायचे. करवंदं आमच्याकडे कुणी खाल्ली नाहीत.

भातं पिवळी पडली तेव्हा खालापुराहून शिपाई आला. घाटाखालच्या एका दरीत गवत कापणाऱ्यांना मोटारीचा सांगाडा सापडला होता. तो ओळखायला बोलावलं होतं. हे नुसते बसून राहिले, म्हणून मीही बरोबर निघाले.

सांगाडा दोरांनी ओढून रस्त्याकडेला आणून ठेवला होता. इंजिन नव्हतं, चाकं नव्हती, दिवे नव्हते, नंबराची पाटी नव्हती. पत्रा गंजलेला, गादीतून गवत उगवलेलं. टपाच्या दांडीला मात्र चिंधी लोंबत होती. मी पुढे जाऊन बघितलं. गोणपाट होतं, आणि त्यावर माझा टाका होता. मी कडेला दुहेरी टाका घालते, आईनं शिकवलेला. मी ह्यांच्याकडे वळले. हे त्या चिंधीकडेच बघत होते. म्हणजे त्यांनाही दिसलं होतं.

फौजदार म्हणाले, "नीट बघा. घाई नाही. तुमचीच ना?"

हे सांगाड्याभोवती एकदा फिरले. जिथे चालवणारा बसतो तिथल्या पत्र्यावर हात ठेवला, आणि काढला.

"नाय, सायेब. ही माझी नव्हं."

"बाई, तुम्ही?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"नाही," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर हे माझ्या पुढे चालत राहिले. मला नंतर पुष्कळदा वाटलं, आपली म्हटली असती तर गावाचं तोंड तरी बंद झालं असतं. पण मग तो सांगाडा घरी आणावा लागला असता, घरापुढे त्याच जागी ठेवावा लागला असता, आणि वाडीची माणसं डोंगरावरून उतरताना त्यांना तो दिसला असता.

ते वर्ष संपायच्या आत आम्ही चौकचं घर सोडलं. नेरळजवळ पोशीरला माझ्या भावाची शेती होती, त्याच्या आधारानं राहिलो. तिथे मोठा रस्ता नव्हता. हे भात लावायला शिकले, वाकायला शिकले. मोटार चालवण्यात वर्षं काढलेल्या पाठीला ते जड गेलं, पण तक्रार केली नाही. माणसांत मात्र ते पुन्हा आले नाहीत. कुठे जायचं झालं तर चालत जायचे, पाहुण्याच्या बैलगाडीतही बसायचे नाहीत.

बऱ्याच वर्षांनी, लावणीच्या दिवसांत, मी त्यांना न्याहारी घेऊन गेले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. मनात होतं ते विचारून टाकलं, "अहो, ती आपलीच होती ना?"

हे गुडघाभर चिखलात उभे होते. आवणाच्या रोपांची जुडी सोडवत होते. हात थांबले नाहीत.

"आसंल," म्हणाले. "तू जरा मागं सरक गं. चिखल उडंल अंगावर."