सीनेकाठचं बीळ

आमच्या गावच्या सीना नदीतले प्राणी लेक घरी वहीत काढत होती. पाणमांजराचं चित्र झाल्यावर तिनं बारीक शिट्टी वाजवली. "असंच ओरडतं ना गं, आई?"

अगदी असंच. मी आठ वर्षांची होते. पाणमांजरानं माझ्या वडिलांचं, आबांचं जाळं पुन्हा फाडलं होतं. "बीळ कुटं हाय?" त्यांनी विचारलं. मीच बोट दाखवलं. पहिल्याच काठीत मादीचं डोकं फुटलं. पिल्लं आत शिट्ट्या मारत होती. आबांनी बिळाच्या तोंडात दगड ठोकून बसवले, तरी शिट्ट्या येतच राहिल्या. "लई हुशार हाय माजी पोर," म्हणत त्यांनी रक्ताळलेला हात माझ्या केसांवरून फिरवला. मी खुशीत हसले होते.

"मग आता का दिसत नाहीत गं ती?" लेकीनं विचारलं.

तिच्या केसांकडे गेलेला हात मी मागे घेतला.