चंद्रमतीआक्कांचं कुलूप

‘काका, तुम्ही निवडून आलेले. चोराला आत टाकायचा हक्क तुमचाच,’ असं सुरेंद्र बोलून गेला आणि तिथंच तुळजाजीरावांचं, म्हणजे त्याच्या काकांचं, वाटोळं झालं. सुरेंद्र तंजावुरात बी.कॉम. करत होता. कायद्याचं एक पान त्यानं उलटलं नव्हतं, पण काकांनी विचारल्यावर ‘ठाऊक नाही’ म्हणायला त्याची जीभ रेटेना.

काकांना ते पटलं, कारण त्यांना तेच ऐकायचं होतं. ओरत्तनाडुजवळच्या त्या गावची मुन्सिफी, म्हणजे आपली पाटीलकीच, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात होती. आजोबा भुरट्या चोराला दिवसभर धान्याच्या कोठीत कोंडत, संध्याकाळी ताक पाजून सोडत. ऐंशीच्या सुमारास सरकारनं ती वंशपरंपरा मोडली आणि तुळजाजीराव खताच्या दुकानात पोती मोजू लागले. मग शहाण्णवची पंचायत निवडणूक आली. ते अध्यक्ष झाले, आणि त्यांना वाटलं, गेलेलं ते घरी परत आलं.

पोंगलनंतर गुरुमूर्ती नावाचा मजूर पंचायतीच्या पंपातली तांब्याची तार उपसताना सापडला. काकांनी त्याला पंचायतीच्या खोलीत घातलं. कुलूप समोरच्या चंद्रमतीआक्कांनी आपल्या गोठ्याचं काढून दिलं.

‘संध्याकाळी परत हवं हं तुळजाजी. माझी गाय भटकी आहे.’

रीतीप्रमाणे ताकही आलं. पण गुरुमूर्ती माफी मागेना, म्हणून त्याचा मुक्काम वाढला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको फौजदार नटराजना घेऊनच आली.

‘तलैवरे, अध्यक्षसाहेब,’ त्यांच्याच खुर्चीत बसत फौजदार म्हणाले, ‘मला कुणी निवडून दिलं?’

‘कुणी नाही.’

‘बरोबर. मला सरकारनं नेमलं, म्हणून मी अटक करतो. आणि मलासुद्धा धरलेल्याला चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करावं लागतं. तुम्हाला गावानं निवडलं ते दिवे, गटार, पाणी यासाठी. डोळ्यांदेखत चोर सापडला तर कुणीही धरावा, पण लगेच आमच्या हवाली करावा. कोंडलात, तर आरोपी तुम्ही.’

‘अय्या, लोकांनी मतं दिली हो!’

‘मतं दिली. बेड्या नाही दिल्या.’

‘पण आमचे आजोबा...’

‘तेही नेमलेलेच होते, तलैवरे. सरकारी पगारावर.’

हक्काची गोष्ट कुणी सांगितली, हे काकांनी शेवटपर्यंत उच्चारलं नाही. सुरेंद्रला त्यापेक्षा दोन थोबाडीत चालल्या असत्या.

चोरीच्या खटल्यात साक्षीला कुणी उभं राहिलं नाही, गुरुमूर्ती सुटला. काकांचा खटला मात्र तारखांमागून तारखा खात राहिला. कलेक्टर कचेरीची नोटीस आली, खुर्चीत उपाध्यक्ष बसला. खताच्या दुकानात दुसराच माणूस लागला होता. पंप तसाच बंद.

कुलूप पुरावा म्हणून लाखेनं सील होऊन कोर्टात पडलं. सुरेंद्रनं नवं आणलं, ते आक्कांनी हातात धरलंदेखील नाही.

‘हे नको रे. ते माझ्या माहेरचं होतं.’

कोर्टात उभे असताना काका न्यायाधीशांकडे बघत नसत, टेबलावरच्या त्या कुलपाकडे बघत. घरी परतताना आक्का दारातच असायच्या.

‘तुळजाजी, माझं कुलूप?’

‘केस संपली की देतो, आक्का.’

पुढं आक्कांनी गाय विकली. कुलूप अजून कोर्टातच आहे.