अंजलीताई आधी ब्रेक दाबतात

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहणाऱ्या अंजली पगारे यांच्या घरी कोणी एक पुरुष मुक्कामाला असतो, ही बातमी जून महिन्यात अख्ख्या इंदिरानगरात झाली होती. पुरावेही भक्कम होते. त्यांच्या खिडकीखाली रात्रभर नवीकोरी काळी मोटरसायकल उभी असायची. सकाळी साडेसहाला जाड जाकीट, बूट आणि सबंध तोंड झाकणारं हेल्मेट अशा अवतारातली एक आकृती तिच्यावर बसून जायची, ती संध्याकाळीच परतायची. चव्वेचाळीस वर्षांची बिनलग्नाची शिक्षिका, घरात एक म्हातारी आई. पुढचं ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे जोडून घेतलं. बातमी पहिल्यांदा कोणी सोडली ते विचारू नका. प्रफुल्ल नावाचा एक रिकामटेकडा दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि तो मीच.

चौथ्या दिवशी माझी बायको मनीषा दूध आणायच्या निमित्ताने सव्वासहालाच खाली जाऊन उभी राहिली. दार उघडलं, आकृती बाहेर आली. हेल्मेट अजून काखेत होतं. "वहिनी, आज तुम्ही दुधाला? भाऊंना बरं नाही का?" असं म्हणत त्या आकृतीने किल्ली लावली. खुद्द अंजलीताई! मनीषा वर आली आणि चहाचं पातेलं आपटत म्हणाली, "सापडला तुमचा पाहुणा. आता दारोदार जाऊन तुम्हीच सांगा." मी सांगितलंही. पण बातमी पसरवायला मला दोन दिवस लागले होते, मागे घ्यायला दोन महिने पुरले नाहीत.

खरी हकीकत अशी. अंजलीताईंची बदली झाली पेठ तालुक्यात, करंजाळीच्या आत नऊ किलोमीटरवर असलेल्या एका पाड्याच्या शाळेत. करंजाळीपर्यंत एसटी आहे. पुढे जीप, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. शाळा नऊला भरते, जीप कधी भरेल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. तिकडे खोली घेऊन राहावं तर आई आक्काबाईंना कोणाच्या भरवशावर ठेवायचं? आक्काबाई पंचाहत्तरीच्या, इंदिरानगर सोडायला तयार नाहीत. म्हणजे उरली एकच वाट, वीस वर्षांची नोकरी सोडायची. नोकरीवर तर दोघींचं घर चालतं.

अंजलीताईंनी तिसरी वाट काढली आणि शोरूममध्ये गेल्या. तिथल्या माणसाने आधी गुलाबी स्कूटर दाखवली. मग मोटरसायकल मागितल्यावर त्यांच्या मागे बघत विचारलं, "साहेब पार्किंगला गेलेत का?" अंजलीताई म्हणाल्या, "साहेब जन्मालाच आले नाहीत. तुम्ही किल्ली द्या." मोठी चाकं पाड्याच्या खडीवर चालतात आणि वाटेतला सावळ घाट उतरताना गिअरचा आधार मिळतो, एवढं त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

खरी अडचण घरात होती. आक्काबाईंचं माहेर विंचूरचं. वीस वर्षांपूर्वी तिथेच त्या भावाच्या गाडीवरून मागच्या मागे पडल्या. उजवा पाय मोडला, तो वाकडाच जुळला. तेव्हापासून दोन चाकांचं काही दिसलं की त्या तोंड फिरवतात. नवी गाडी दारात आली तेव्हाही त्यांनी आधी तोंड फिरवलं, मग अट घातली.

"एकदा पडलीस ना अंजे, नुसतं खरचटलं तरी, त्या दिशी गाडी इकायची आन् नोकरी बी सोडायची. कबूल हाय का?"

"कबूल."

"मी बी लंगडी आन् तू बी लंगडी, मंग भाकरी कोण थापील?"

अंजलीताईंनी शब्द दिला. पगारेबाईंचा शब्द म्हणजे शाळेच्या घंटेसारखा, एकदा वाजला की वाजला.

तेव्हापासून आम्हाला रोज सकाळी फुकटचा तमाशा मिळू लागला. गाडीसोबत आलेली पुस्तिका लोक ज्या कप्प्यात टाकतात त्याच कप्प्यात ती जन्मभर राहते. या बाईने ती लाल पेनाने रेघा मारून वाचली. पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर काटा न्यायचा नाही, असं त्यात लिहिलंय म्हणे. मग पेठ रोडवर यांना भाजीचे टेम्पो मागे टाकायचे, दुधाची कॅन लटकवलेले गवळी मागे टाकायचे. एक गवळी तर रोज हात हलवून जायचा. पाचशे किलोमीटरला पहिलं सर्व्हिसिंग, तेव्हा इंजिन ऑइल बदलताना या स्टूल घेऊन शेजारी बसल्या. नवे टायर गुळगुळीत असतात म्हणून पहिला आठवडा वळणावर गाडी तिरकी केली नाही. ओढणी घडी करून पिशवीत, पिशवी पाठीला.

निघण्याआधीची तपासणी वेगळीच. टायर गार असतानाच हवा मोजायची, म्हणून मोजायचं यंत्र स्वतःचं. साखळी बोटाने वरखाली करून किती ढिली आहे ते पाहायचं. दिवे, हॉर्न. साइड स्टँड वर. आणि शेवटी सगळ्यात हास्यास्पद प्रकार. इंजिन बंद ठेवून गाडी चार पावलं ढकलायची आणि पुढचा ब्रेक दाबायचा. परत चार पावलं, मागचा ब्रेक. मगच किल्ली.

मी गॅलरीतून ओरडायचो, "मॅडम, काल संध्याकाळी लागत होता ब्रेक. रात्रीतून कोणी चोरला का?"

"हजेरी रोज घ्यावी लागते, प्रफुल्लभाऊ. काल आलेला आज येईलच असं नाही."

निसारभाई म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे गॅरेजवाले. साखळीला तेल कसं द्यायचं, प्लग कसा उघडायचा ते अंजलीताई त्यांच्याकडे शिकल्या. ते एकदा मला म्हणाले, "भाई, ये मॅडम ऐसेच राहिल्या तर माझं दुकान बंद पडणार. इनकी गाडी बिघडतीच नाही." पण हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर, का कोण जाणे, मास्तराला हुशार विद्यार्थी मिळाल्यासारखं तेज होतं.

पावसाळ्यात सावळ घाटात ढग रस्त्यावर उतरतात. समोरच्या ट्रकचा लाल दिवा दिसेल तेवढाच रस्ता. अंजलीताई चढताना ज्या गिअरमध्ये चढायच्या त्याच गिअरमध्ये उतरायच्या. क्लच दाबून घरंगळत येणं नाही, पेट्रोल वाचवणं नाही. जुलै-ऑगस्टात जीपवाल्यांनी किती दांड्या मारल्या, मोजल्या नाहीत. अंजलीताईंची एकही नाही. पाड्यावर पोषण आहार शिजवणाऱ्या फुलाबाई घड्याळ बघत नाहीत, डोंगराखाली गाडीचा आवाज आला की तांदूळ धुवायला घेतात. आणि संध्याकाळी आक्काबाई दारात बसून लेकीचे गुडघे, कोपरं, तळहात तपासायच्या. रोज. पायजमा वर करायला लावून.

दसऱ्यापर्यंत पाच हजार किलोमीटर झाले आणि एक ओरखडा नाही. तेव्हा आक्काबाई स्वतःहून म्हणाल्या, "औंदा त्रिरश्मीला मला गाडीवर ने." आमच्याकडे दसरा, त्यांच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या दिवशी लेण्यांच्या पायथ्याशी वंदनेला दोघी दरवर्षी रिक्षाने जायच्या. वीस वर्षांनी म्हातारी दुचाकीवर बसणार! बिल्डिंगमध्ये ही बातमीसुद्धा मीच पोचवली. ही मात्र खरी निघाली.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. खंडेनवमीला बिल्डिंगमधल्या सगळ्या गाड्या धुवून पुसून द्यायचा मान गेली अकरा वर्षं माझा आहे. डिझेलमध्ये फडकं बुडवायचं आणि टाकी, मडगार्ड, सायलेन्सर चकाचक करायचं. मग झेंडूचे हार. अंजलीताई पूजा करत नाहीत, पण पुसायला काय हरकत आहे? त्या आंघोळीला गेल्या असताना त्यांची गाडीही घेतली. पाणी मारल्यावर पुढच्या चाकातल्या ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे त्या भोकाभोकांच्या लोखंडी तबकडीवर, तांबूस गंज चढला. नव्या गाडीला गंज! मला राहवलं नाही. डिझेलचं फडकं घेतलं आणि तबकडी आरशासारखी केली. इतकी झकास दिसली की मग बाकीच्या चार गाड्यांच्याही तबकड्या केल्या, माझी धरून. इतक्या वर्षांत हे कसं सुचलं नाही, असं म्हणत मी झोपलो.

दसऱ्याच्या सकाळी सगळी बिल्डिंग खाली जमली होती. आक्काबाई पांढऱ्याशुभ्र लुगड्यात, डोक्यावर लेकीने आणलेलं नवं हेल्मेट, हातात मेणबत्त्यांची पिशवी. चेहरा मात्र ऑपरेशनला निघाल्यासारखा.

अंजलीताईंनी हवा मोजायला घेतली.

"अगं चल की! वंदनेला उशीर व्हतोय."

"दोन मिनिटं, आई."

मी म्हणालो, "मॅडम, आज सणाचं तरी हजेरीला सुट्टी द्या."

त्यांनी गाडी चार पावलं ढकलली, पुढचा ब्रेक दाबला. गाडी पाचवं पाऊल चालली. सहावं. सातवं. मागचा ब्रेक दाबला तेव्हा थांबली. त्या खाली बसल्या, तबकडीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"प्रफुल्लभाऊ, इथे डिझेल कोणी लावलं?"

"मीच!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "काय चमकतंय बघा."

"अजून कोणाकोणाला लावलं?"

"सगळ्यांना. आपण भेदभाव करत नाही."

त्यानंतर त्यांचा जो आवाज निघाला, तसा मी दुसरीत असताना शेवटचा ऐकला होता. "एकही गाडी गेटबाहेर जाणार नाही! सगळ्यांनी गाड्या एका रांगेत लावा!" आणि तुम्हाला सांगतो, बँकेतले, एलआयसीतले, पोटं सुटलेले बाप्ये निमूट रांगेत उभे राहिले. एकेकाने गाडी ढकलायची, पुढचा ब्रेक दाबायचा. एकाचीही थांबेना. पलीकडच्या विंगमधला एकजण बायको-मुलांना बसवून निघायच्या बेतात होता. त्याने त्यांना एकेक करून खाली उतरवलं. आक्काबाई हेल्मेट घातलेल्या अवस्थेत पिशवी छातीशी धरून हे सगळं बघत होत्या.

अंजलीताईंनी निसारभाईंना फोन लावला. इकडे मला सोनं आणायचं होतं, म्हणजे आपट्याची पानं, आणि श्रीखंडही. शिवाय बावीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला कोणी ब्रेक शिकवावा? रांगेचं तोंड पुढच्या गेटकडे होतं, मी हळूच माझी गाडी काढून मागच्या गेटने निघालो.

कोपऱ्यावर उतार आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही. उताराच्या तळाशी झेंडूवाली बाई ढीग लावून बसली होती. मी पुढचा ब्रेक दाबला. काही नाही. अजून दाबला. तबकडी नुसती चमकत होती. मग मागचा ब्रेक पायाने करकचून दाबला, तर चाकाखाली तुडवलेल्या पाकळ्या. गाडी आडवी, मी आडवा, आणि गळ्यात, कानात, तोंडात झेंडू. फूलवाली बाजूला सरकून म्हणाली, "दादा, हार घ्यायचा होता तर मागायचा ना!"

मला दोघांनी धरून आणलं. अंजलीताईंनी शाळेची प्रथमोपचार पेटी उघडली, गुडघा धुतला, पट्टी बांधली. मग मनीषा बोलली. ते इथे लिहीत नाही.

निसारभाई तासाभरात आले. वास घेऊन त्यांनी कपाळावर हात मारला. "प्रफुल्लभाई, डिस्कला पॉलिश? अरे, ती घासली जावी म्हणून तर बनवलीये! आणि तो गंज पहिल्या दोन ब्रेकमध्ये आपोआप जातो." पाचही गाड्यांच्या तबकड्या त्यांनी धुतल्या, डिझेल प्यायलेले ब्रेक पॅड काढून नवे बसवले. अंजलीताईंच्या गाडीचं काम त्यांनी स्वतः केलं नाही. पाना त्यांच्याच हातात दिला आणि शेजारी उकिडवे बसून बघत राहिले. काम झाल्यावर म्हणाले, "फर्स्ट क्लास." मग अंजलीताईंनी कंपाउंडमध्ये दहा वेळा हळूहळू ब्रेक दाबून नवे पॅड बसते केले. आणि मग, अर्थातच, इंजिन बंद करून चार पावलं. गाडी जागच्या जागी थांबली. रांगेतल्या बाप्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता सगळे आक्काबाईंकडे बघायला लागले. मला वाटलं, म्हातारी घरात जाईल आणि दार लावून घेईल. आक्काबाई लंगडत माझ्याकडे आल्या, पट्टीकडे पाहिलं.

"प्रफुल, लय लागलं का रं?"

"नाही हो, थोडंसं."

"म्या अट हिला घातली. चुकलंच माझं. घालाया पायजेल व्हती तुला." मग लेकीकडे वळल्या. "अंजे, अट-बिट काय नाय आजपासून. पाड्यावर जा, न्हायतर दिल्लीला जा. मला वर बसव."

दोघांनी आधार दिला, आक्काबाई बसल्या, वाकडा पाय नीट पायदानावर ठेवला, दोन्ही हातांनी लेकीला कवळ घातली. गाडी गेटबाहेर पडली. कोपऱ्याच्या उतारावर लाल दिवा लागला, गाडी अलगद मंदावली, फूलवालीने एक झेंडू आक्काबाईंच्या हातात दिला, आणि पांढरं लुगडं वळणावरून दिसेनासं झालं. आमच्याकडच्या बायकांनी तर डोळ्यांना पदर लावले. मी गुडघा धरून खुर्चीत होतो, पण खरं सांगतो, मलाही उभं राहावंसं वाटलं.

दुपारी दोघी परत आल्या. आक्काबाई वाऱ्याने लालबुंद झाल्या होत्या आणि पुढच्या रविवारी विंचूरला जायचं ठरवत होत्या. मी खुर्चीतूनच एक खडा टाकला.

"काय मॅडम, आईला मागे बसवून एवढ्या गर्दीतून गेलात, भीती नाही वाटली?"

अंजलीताई हेल्मेट काढत म्हणाल्या, "वाटली ना, भाऊ. रोजच वाटते, म्हणून तर रोज ब्रेक दाबून बघते. तुम्हाला वाटत नाही, म्हणून पट्टी तुमच्या गुडघ्याला आहे."