सब्ज्याची माती

कुंडल गावात मातीला काय तोटा? पाय टाकाल तिथं उसाची काळीभोर माती. पण हीच माती एकदा रंगाच्या रिकाम्या डब्यात भरून रोप लावून बघा, म्हणजे कळेल! पाणी घातलं की चिखल, ऊन लागलं की दगड. महेजबीनला हे कळेपर्यंत तिची तीन रोपं कुजून गेली होती.

तिचा नवरा रमजान गावात गाद्या भरायचा. दोन वर्षांमागं तो गेला. कबरीवर सब्जा लावायची त्यांच्याकडं रीत. हिरवं रोप अल्लाचं नाव घेतं आणि आत निजलेल्याला हलकं वाटतं, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. पण त्यांच्या घरातल्या बायका कबरस्तानात जात नसत. म्हणून रोप हिनं घरी वाढवायचं आणि धाकटा दीर अश्फाक शुक्रवारी नमाजानंतर यायचा, चहा घ्यायचा आणि डबा घेऊन कबरीवर जायचा. नवऱ्यासाठी एवढंच एक काम आता तिच्या हातात उरलं होतं.

मग काय, बाई मातीच्या मागंच लागली. काळी माती वाळवून बत्त्यानं कुटायची. त्यात शेजारच्या बांधकामावरची वाळू, जुनं कुजलेलं शेणखत, कडुलिंबाचा चुरलेला पाला. वर सगळं पिठाच्या चाळणीनं चाळायचं. होय, पिठाच्याच! नाक मुरडायला घरात होतंच कोण? मुठीत दाबलेली माती बोट लावताच सुटली, की जमली म्हणायची.

पुण्याहून मतीनचा, म्हणजे लेकाचा, फोन आला. "अम्मी, पिशवीत तयार माती मिळते. मागवून देऊ?"

"माती कुणी इकत घेतंय व्हय रं?" ती हसली. त्याला म्हणायचं होतं, माती नको, तू ये. पण तो घाईत होता.

सब्जा मात्र आता फोफावू लागला. अश्फाक दर खेपेला सांगायचा, "लागलंय भाबी. ईतभर झालंय." तेवढ्या एका वाक्यावर तिचा पुढचा आठवडा निघायचा.

ईदला ती शिरखुर्म्याचा डबा घेऊन अश्फाककडं गेली. हात धुवायला परसात गेली आणि थबकलीच. भिंतीकडेला तिचेच रंगाचे डबे, एका ओळीत सात. सातही डब्यांत कोथिंबीर!

अश्फाकची बायको आसिया कौतुकानं म्हणाली, "भाबी, तुमची माती लय भारी बगा! ह्यांनी डबं आणून टाकलं, रोपं वाळली. म्हटलं माती कशाला वाया घालवायची?" बिचारीला कशाचाच पत्ता नव्हता. तिनं जुडीही बांधून दिली. महेजबीन ती हातात धरून घरी आली, तिला रडूसुद्धा फुटेना.

शुक्रवारी अश्फाक आला. "लागलंय भाबी..."

"कोथिंबीरबी झ्याक लागलीय," ती म्हणाली.

अश्फाकनं कप खाली ठेवला. "पयली दोन शेरडांनी खाल्ली, भाबी. तुमाला सांगायचा धीर झाला न्हाई. मग डबं घरीच टाकत गेलो आन खोटंच बोलत गेलो." तो मान खाली घालून उठला. डबा तिथंच राहिला.

पुढच्या शुक्रवारी तिनं चहाचं आधण ठेवलं, ते आटलं. त्याच्या पुढच्यालाही तो आला नाही. आता मात्र ती स्वतःवरच चिडली. काय गरज होती बोलायची? खोटं का होईना, आठवड्यातून एक माणूस दारात येत होता की! तोही मी घालवला. दोन दिवस ती कुणाशी चकार शब्द बोलली नाही. बोलणार तरी कुणाशी?

सोमवारी सकाळी तिनं डबा कमरेवर घेतला, खुरपं घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि तडक कबरस्तान गाठलं. बघणारे बघत राहिले. बघू देत! फाटक उघडं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आत पाऊल टाकलं.

आत गवत माजलेलं. त्यात मातीचे उंचवटे, एकासारखा एक. ना नाव, ना खूण. ती एकापाशी गेली, मग दुसऱ्यापाशी. चाळीस वर्षांचा संसार, पण माणूस सापडेना. दोन वर्षं ती माती चाळत बसली होती, आणि ती घालायची कुठं हेच तिला ठाऊक नव्हतं. ती मटकन खाली बसली आणि पहिल्यांदा मोकळी रडली.

मग तिनं फोन लावला.

"अश्फाक, मी कबरस्तानात हाय. ह्यात तुजा भाऊ कुटला रं?"

तो म्हणाला, "हितंतितं जाऊ नका भाबी. तितंच बसा. मी आलोच."